स्वस्त प्रिंटर, महाग शाई

घरच्या प्रिंटरविषयी आलेल्या प्रश्नांना या वेळी एकत्रच उत्तरे देत आहोत. भाव गावागणिक आणि सणासुदीला बदलतात, म्हणून इथले आकडे हिशेबापुरते गोल धरले आहेत. तुमच्या दुकानातला भाव त्या जागी घालून गणित पुन्हा करून बघा.

प्रश्न : मुले पाचवीत आणि आठवीत आहेत. प्रकल्प, वर्कशीट मिळून महिन्याला शंभरेक पाने लागतात, त्यातली पंचवीस रंगीत. दुकानदार एक साडेतीन हजारांचा प्रिंटर दाखवतो आणि एक बारा हजारांचा टाकीवाला. साडेआठ हजार जास्त कशाचे मोजायचे?
— एक वाचक, सांगली

साडेतीन हजारांच्या प्रिंटरला कुठले कार्ट्रिज लागते आणि त्यात किती पाने निघतात, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारा. बरेचदा तिथेच निकाल लागतो.

एचपीच्या स्वस्त डेस्कजेटमध्ये ८०५ क्रमांकाचे कार्ट्रिज बसते. कंपनीच्याच आकड्यानुसार काळ्यात साधारण १२० पाने निघतात आणि रंगीतमध्ये १००. कॅननच्या छोट्या पिक्स्मातले पीजी ७४५ घेतले तर १८० पाने, त्याचेच एक्सएल घेतले तर ३००. आता काळे कार्ट्रिज ८०० रुपयांना आणि रंगीत १,००० ला धरा. तुमची वर्षाची काळी पाने ९००, म्हणजे १२० च्या हिशेबाने साडेसात कार्ट्रिज, ६,००० रुपये. रंगीत पाने ३००, म्हणजे तीन कार्ट्रिज, ३,००० रुपये. वर्षाला ९,००० रुपये झाले. काळ्या पानाला पावणेसात रुपये पडले. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला याच्या निम्म्यात देईल.

टाकीवाल्याचे, म्हणजे बाटलीतली शाई टाकीत ओतायच्या प्रिंटरचे, गणित बघा. एपसनच्या एल ३२१० किंवा एल ३२५० ला ००३ क्रमांकाची शाई लागते. ६५ मिलीच्या काळ्या बाटलीत ४,५०० पाने, आणि तिन्ही रंगांच्या बाटल्या मिळून ७,५०० पाने असा कंपनीचा आकडा आहे. बाटली ४०० रुपयांची धरली तर काळे पान ९ पैशांत पडते. रंगीतला तीन बाटल्यांचे १२०० भागिले ७,५००, म्हणजे १६ पैसे, वर थोडी काळी. पंचवीस पैसे धरून चाला. तुमचा वर्षाचा शाईचा खर्च दीडशे रुपयांच्या आसपास येतो. हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, साफ करण्यात जी शाई वाया जाते तिच्यासाठी तो दुप्पट करू, तीनशे रुपये. जास्त मोजलेले साडेआठ हजार वर्षभरात वसूल होतात आणि दुसऱ्या वर्षापासून फायदाच.

खोक्यावरच्या पानांच्या आकड्याबद्दल मात्र सावध राहा. तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ठरावीक नमुना पानांवर, सलग छापून काढलेला असतो. त्या पानांवर शाई बेताचीच असते. लेझर प्रिंटरच्या काळ्या पुडीसाठी, म्हणजे टोनरसाठी, तर ढोबळ मानाने पानाचा ५ टक्के भाग झाकला जातो असे धरतात, म्हणजे चार परिच्छेदांचे एखादे पत्र. मुलांचा सूर्यमालेचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. काळे आकाश, मध्ये ग्रह. अशा एका पानाला साध्या पानाच्या पंधरा-वीस पट शाई जाते. पार्श्वभूमी पांढरी करून तोच तक्ता काढला तर ग्रहही ठळक दिसतात आणि ओल्या शाईने कागदाला लाटा येत नाहीत. शिवाय नव्या प्रिंटरच्या पहिल्या बाटल्यांतली बरीच शाई नळ्या भरण्यातच जाते, त्यामुळे पहिल्या खेपेला पाने कमी भरली तर बाटली बनावट होती असे समजू नका.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. टाकीवाला घेतल्यावर शाईपेक्षा कागद महाग पडू लागतो. ५०० कागदांची रीम २८० रुपयांना धरली तर एक कागद ५६ पैशांचा झाला आणि त्यावरची शाई ९ पैशांची. पाठपोट छापले की पानामागे २८ पैसे वाचतात. ड्राफ्टमध्ये, म्हणजे कमी शाईच्या सेटिंगवर छापून, फिकट अक्षरे वाचत डोळे ताणून वाचणारी शाई याच्या पासंगालाही पुरत नाही.

प्रश्न : मग पाठपोट छापायचे कसे? आमच्या प्रिंटरमध्ये ती सोय नाही. दर वेळी एक तरी पान उलटे येते.
— एक वाचक, बारामती

प्रिंटच्या चौकटीत आधी फक्त विषम पाने निवडा. ती छापून झाल्यावर तोच गठ्ठा पुन्हा घालून सम पाने छापा. चूक होते ती गठ्ठा कसा पालटायचा यात आणि पानांच्या क्रमात, आणि प्रत्येक मॉडेलची तऱ्हा वेगळी. त्यामुळे एकदाच चार पानांचा प्रयोग करा. ट्रेमध्ये कागद घालताना वरच्या उजव्या कोपऱ्यात, आपल्याकडे तोंड असलेल्या बाजूला पेन्सिलीने बारीक फुली मारा. छपाई फुलीच्या बाजूला झाली की मागे, आणि बाहेर पडताना पहिले पान वर आले की तळाला, हे बघून घ्या. त्यावरून ‘गठ्ठा असा पालटायचा, क्रम उलटा लावायचा की नाही’ हे एका चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या झाकणाला चिकटवा. शाईच्या प्रिंटरवर दुसरी बाजू छापण्याआधी दोन मिनिटे थांबा. ओला कागद वळतो आणि रोलरखाली अडकतो.

प्रश्न : आम्ही दोघेच असतो. महिन्याला दहा-पंधरा पाने : वीजबिल, तिकिटे, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचे कागद. दोन शाईचे प्रिंटर वाळून गेले. आता तिसरा कोणता घ्यावा?
— एक वाचक, चिपळूण

तुमची अडचण शाईच्या दरात नाही, दोन छपायांमधल्या दिवसांत आहे. शाईच्या प्रिंटरचे हेड म्हणजे केसापेक्षा बारीक भोकांची चाळण. महिनाभर वापर नसला की भोकांच्या तोंडाशी शाई घट्ट होते. मग सफाईत जेवढी शाई जाते तेवढ्यात तुमचे वर्षभराचे छापून झाले असते. टाकीवाला घेतला तरी हेच होणार.

आधी साधा हिशेब करा. दुकानात पान तीन रुपयांना धरले तर पंधरा पानांचे महिन्याला ४५ रुपये, तीन वर्षांचे १,६२०. इतक्यात घरात यावा असा कोणताच प्रिंटर नाही. दुकान जवळ असेल आणि कागदपत्रे दुसऱ्याच्या मोबाइलवर पाठवायला हरकत नसेल, तर प्रिंटर घेऊच नका. कागद स्कॅन करायचा असेल तर मोबाइलने भागते.

जिने उतरणे जमत नसेल किंवा पॅन-आधारच्या प्रती दुकानाच्या संगणकावर राहणे पटत नसेल, तर काळा-पांढरा लेझर घ्या. टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड. ती आचेने कागदावर वितळून बसते, वाळण्याचा प्रश्नच येत नाही. तीन महिने न लावलेला लेझर चालू केला तरी पहिले पान स्वच्छ येते. पावसात कागद भिजला तरी अक्षरे फुटत नाहीत, हाही कोकणात मोठाच फायदा.

घेताना चार गोष्टी विचारा. नव्या प्रिंटरसोबतचा टोनर पूर्ण भरलेला आहे की नमुन्याचा? बहुतेकदा तो कमी पानांचा असतो आणि संपल्यावर नव्या टोनरची किंमत ऐकून धक्का बसतो. टोनरला चिप आहे का? चिप असेल तर नुसती पूड भरून भागत नाही, चिपही बदलावी लागते. ड्रम, म्हणजे पूड कागदावर उतरवणारा रूळ, टोनरमध्येच आहे की वेगळा? ब्रदरच्या एचएल एल २३२१ डीमध्ये तो वेगळा असतो. टोनर २,६०० पानांना बदलायचा, ड्रम १२,००० पानांना. म्हणजे टोनर तुलनेने स्वस्त, पण छपाई जास्त असेल तर पुढे ड्रमचा वेगळा खर्च. आणि चौथे, तुमच्या गावात तो टोनर भरून देणारा आहे का? एचपीचे १२ ए आणि कॅननचे ३०३ ही दोन्ही २,००० पानांची कार्ट्रिजे. ती भरून देणारा माणूस जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो. नव्या बारीक मॉडेलला तो सापडेलच असे नाही.

लेझर इन्व्हर्टरवर किंवा संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. आतला रूळ तापताना तो क्षणभर काहीशे वॅट ओढतो आणि ६०० व्हीएचा यूपीएस शिट्टी मारून बंद पडतो. शाईचा प्रिंटर छापतानाही दहा-वीस वॅटवर भागवतो. आणि शाईच्या प्रिंटरसाठी असलेला चकचकीत फोटो कागद लेझरमध्ये कधीच घालायचा नाही. त्याचा लेप वितळून तापलेल्या रुळाला चिकटतो आणि दुरुस्ती महागात पडते.

प्रश्न : मे महिन्यात गावी गेलो, परत आल्यावर एपसनच्या टाकीवाल्या प्रिंटरमधून काळ्या अक्षरांत पांढऱ्या रेघा येतात. सहा वेळा हेड क्लीनिंग केले, फरक नाही. टाकीतली शाई मात्र बोटभर उतरली.
— एक वाचक, नाशिक

सातव्यांदा करू नका. प्रत्येक सफाईत पंप हेडमधून शाई ओढून प्रिंटरच्या तळाशी असलेल्या पॅडमध्ये टाकतो. ते पॅड किती भरले याची नोंद प्रिंटर स्वतः ठेवतो. भरले की छपाई बंद, आणि सर्व्हिस सेंटरची वारी. कॅननच्या जी २०२० आणि जी ३०२० मध्ये या पॅडची डबी घरी बदलता येते. तुमच्याकडच्या मॉडेलला ती सोय आहे का, ते पुस्तिकेत बघा.

आता असे करा. आधी फक्त नोझल चेक, म्हणजे हेडची भोके मोकळी आहेत का हे दाखवणारे चाचणी पान, छापा. पायऱ्यांसारख्या बारीक रेघांचे चार गट येतील. कुठली पायरी गाळली गेली तिथे पेनाने खूण करा. सफाई एकदा, मग पुन्हा नोझल चेक. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. तुटलेल्या पायऱ्या कमी होत असतील तर शाई हलते आहे. अशा तीन फेऱ्यांनंतर थांबा, प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा आणि किमान बारा तास हात लावू नका. या वेळात घट्ट झालेली शाई ताज्या शाईने भिजते आणि नळीतले बुडबुडे वर सरकतात. पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच्या एका सफाईत काम होते. आपल्याकडे लोक हा थांबायचा भागच गाळतात.

एवढ्यावरही फरक नसेल तर मेनूतले पॉवर क्लीनिंग. ते नळ्यांतली सगळी शाई बदलते, म्हणून चारही टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात. कमी असतील तर शाईऐवजी हवा ओढली जाते आणि दुखणे वाढते. त्यानंतर पुन्हा बारा तास थांबा. तरीही तीच पायरी तुटत असेल तर दुकान गाठा. नेताना प्रिंटर आडवा, सपाट ठेवा. दुचाकीवर उभा धरून नेला की टाकीतली शाई आत सांडते.

सिरिंजने दाब देणे, हेडवर स्पिरिट किंवा सॅनिटायझर ओतणे हे उद्योग करू नका. एपसनचे हेड प्रिंटरमध्येच बसवलेले असते आणि ते गेले की बदलण्याचा खर्च नव्या प्रिंटरच्या निम्म्यावरही जाऊ शकतो. एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये आणि कॅननच्या जी मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांत हेड सुटे काढता येते, तिथे धोका थोडा कमी. ज्यांच्याकडे साधे कार्ट्रिजवाले मशीन आहे त्यांचे हेड तर कार्ट्रिजच्या तळालाच असते. ते वाळले असेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर ती तांबूस पट्टी दोन-तीन मिनिटे टेकवून ठेवा. फडक्यावर शाईचा ठसा उमटला की मार्ग मोकळा झाला.

पुढच्या सुट्टीसाठी : प्रिंटर नेहमी त्याच्या बटणानेच बंद करायचा. भिंतीवरचा स्विच आधी मारला तर हेड आपल्या रबरी टोपीवर जाऊन बसत नाही, उघडेच राहते आणि मे महिन्यातल्या उन्हाळ्यात आठवड्यात वाळते. एरवी दर आठ-दहा दिवसांनी एक नोझल चेक छापत जा. त्याला शाई नगण्य लागते. तोच कागद पालटून चार-पाच वेळा वापरता येतो.

प्रश्न : नोट्स छापून त्यावर हायलायटर फिरवला की अक्षरे फरफटतात. शाई हलकी आहे का?
— एक वाचक, पुणे

शाई हलकी नाही, वेगळ्या जातीची आहे. एक शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते, तिला डाय म्हणतात. दुसरीत रंगाचे बारीक कण असतात, ती पिगमेंट. डाय कागदात मुरते आणि ओलावा लागला की पसरते. पिगमेंट कागदावर बसते, वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. एपसनची ००३ चारही रंगांत डाय आहे. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये काळी पिगमेंट, रंगीत डाय. त्यामुळे नोट्स, अर्ज, न्यायालयाचे कागद असे काम जास्त असेल तर या दोहोंपैकी एक बघा. फक्त काळेच छापायचे असेल तर एपसनची एम मालिका आहे, तिच्या ००५ बाटलीतली शाई पिगमेंट असते.

फोटो काढायचे असतील तर पारडे उलटे झुकते. चकचकीत कागदावर पिगमेंट काळी नीट बसत नाही, म्हणून कॅननसारखा प्रिंटर तिथे तिन्ही रंग मिसळून काळा बनवतो. दुकानात खात्री करायची तर एक पान छापून घ्या, मिनिटभर थांबा आणि ओले बोट अक्षरावरून फिरवा.

प्रश्न : बाजारात लिटरभर शाई एका बाटलीच्या किमतीत मिळते. भरू का?
— एक वाचक, जालना

वर्षाला १,२०० पाने छापणाऱ्याने ९ पैशांचे पान ३ पैशांवर आणले तर वर्षात ७२ रुपये वाचले. त्यासाठी हेड पणाला लावण्यात अर्थ नाही. दिवसाला शेकडो पाने छापणाऱ्या दुकानाचे गणित वेगळे असते आणि ते हेड बदलण्याचा खर्चही धरून चालतात. डायच्या मशीनमध्ये चुकून पिगमेंट ओतली गेली तर हेड तुंबण्याचा धोका मोठा. लिटरच्या डब्यावर आत काय आहे हे लिहिलेलेच असते असे नाही.

आणखी एक. शाई टाकीच्या खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरते. भरताना बाटली आणि टाकी यांचा रंग दोनदा बघा. चुकून पिवळ्यात निळी पडलीच तर काहीही छापू नका, सफाईही करू नका. प्रिंटर आहे तसा बंद करून सर्व्हिसवाल्याला बोलवा. चुकीची शाई टाकीतच असेपर्यंत उपाय सोपा असतो.

प्रश्न : वायफायचा प्रिंटर घेतला, मोबाइलला दिसतच नाही.
— एक वाचक, डोंबिवली

घरगुती टाकीवाल्यांतले बरेच, उदाहरणार्थ एल ३२५०, फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडतात. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल तर मोबाइल ५ वर जाऊन बसतो आणि जोडणी करताना गोंधळ होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळे नाव द्या, मोबाइल त्यावर आणून जोडणी करा. एकदा जुळले की पुढे मोबाइल कुठल्याही पट्टीवर असला तरी सहसा अडत नाही.

प्रश्न : जुन्या लेझरचा टोनर ३०० रुपयांत भरून आणला. आता पानावर उभी करडी रेघ आणि मध्येमध्ये एकसारखा काळा ठिपका येतो. पूड खराब असेल का?
— एक वाचक, लातूर

पट्टी घ्या आणि दोन ठिपक्यांमधले अंतर मोजा. १२ ए जातीच्या कार्ट्रिजमध्ये ते साधारण साडेसात सेंटीमीटर भरले तर दोष ड्रमचा. ड्रमचा घेर तेवढाच असतो, त्यामुळे त्यावरचा एक ओरखडा दर फेरीला एकदा उमटतो. अंतर याहून वेगळे असेल तर दुसऱ्या एखाद्या रुळाला काहीतरी चिकटले आहे. सलग उभी रेघ असेल तर ड्रमवरची उरलेली पूड पुसणारी पाती झिजली, किंवा ड्रमला गोल चर पडला. पूड दोषी असती तर सगळे पानच फिकट किंवा मळके आले असते.

भरणाऱ्याकडे परत जाऊन ड्रम आणि पाती बदलून मागा. टोनर दोन-तीनदा भरून झाल्यावर हे दोन्ही भाग बदलावेच लागतात. फक्त पूड ओतून देणारा स्वस्त वाटतो, पण त्याने जुनी, वाया गेलेली पूड साठणारी खोली रिकामी केली की नाही हे विचारा. ती भरून वाहिली की पूड प्रिंटरच्या पोटात सांडते. कार्ट्रिज घरी आणल्यावर आडवे धरून पाच-सहा वेळा हलके डोलवा, मग बसवा. निळसर चमकणाऱ्या ड्रमला बोट लावू नका आणि तो उन्हात ठेवू नका. कपड्यावर पूड सांडली तर आधी झटका, कोरड्या फडक्याने पुसा, मग थंड पाण्याने धुवा. गरम पाणी लावलेत तर डाग कायमचा बसेल.